ब्लॅक अँड व्हाइट फोटोला हिरवट-गुलाबी झाक का येते? इंकजेटवर खरा करडा रंग कसा काढायचा



फोटो प्रिंटिंगचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. पासपोर्टमागे किती सुटतात? कोणता प्रिंटर घेऊ? कागद कुठून मागवू? ब्लॅक अँड व्हाइटबद्दल सहसा कोणी विचारत नाही. रंगच नाहीत म्हटल्यावर त्यात अवघड ते काय, असं वाटतं. प्रत्यक्षात रंगीत फोटोत जी चूक कोणाच्या नजरेलाही येत नाही, ती ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गिऱ्हाईक पहिल्या दोन सेकंदांत पकडतं.

आणि हे गिऱ्हाईक कोण असतं ते बघा. कोपरे झिजलेला, मधे घडी पडलेला जुना स्टुडिओ फोटो रुमालात गुंडाळून आणलेला असतो. वडिलांचा किंवा आजीचा. मोठा करून, फ्रेम करून हवा असतो आणि बहुतेक वेळा तेराव्याच्या आधी हवा असतो. घरात दुसरा फोटो नसतो. तुम्ही चेहऱ्यावरच्या भेगा तासभर बसून साफ केल्या, प्रिंट काढली आणि आजीचा चेहरा हिरवट आला, तर ती प्रिंट ते लोक भिंतीवर लावणार नाहीत. "मशीनच असं काढतं" हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून आज व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे सावकाश लिहितोय.

करडा रंग मुळात बनतो कसा

आपल्याला वाटतं की ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे काळी शाई कमी-जास्त टाकायची. इंकजेट तसं करत नाही. प्रिंटरकडे फिकट काळा असा रंग बहुधा नसतोच. काळा ठिपका एक तर पडतो किंवा पडत नाही. गालावरच्या हलक्या सावलीत नुसते काळे ठिपके लांब लांब टाकले, तर ते वाळूसारखे दिसतात, चेहरा खरखरीत येतो. म्हणून फोटो पेपरवर छापताना प्रिंटर सायन, मॅजेन्टा आणि यलो या तीन शाया एकमेकींत मिसळून करडा रंग तयार करतो. खरी काळी शाई मुख्यतः गडद भागात येते. एप्सनच्या एल८०५, एल१८००, एल८०५०, एल१८०५० अशा सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेन्टा या दोन जादा शाया असतात. हलक्या छटांमध्ये मुख्य काम त्यांचं.

म्हणजे तुमचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो हा खरं तर रंगीत फोटोच असतो. त्यात तिन्ही रंगांचा तोल इतका बरोबर साधावा लागतो की कोणताच रंग दिसू नये. तोल जरा ढळला की झाक आली. मॅजेन्टा कमी पडला तर हिरवट, सायन कमी पडला तर लालसर, यलो कमी पडला तर निळसर-जांभळट. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढची निम्मी दुरुस्ती याच्यावरच होते.

लाल शर्ट जरा जास्त लाल आला तर कोणाला कळतं? मूळ शर्ट समोर नसतो. करड्याचं तसं नाही. त्यात किंचित जरी रंग शिरला तरी डोळ्याला तो लगेच टोचतो, कारण शेजारीच फोटोची पांढरी किनार असते आणि तुलना आपोआप होते.

आता कोणी म्हणेल, मग नुसत्या काळ्या शाईने काढू. काही ड्रायव्हरमध्ये तशी सोय असते. एल८०५ चा सर्वात लहान थेंब १.५ पिकोलिटरचा आहे, त्यामुळे दाणा तसा बारीक येतो, पण हलक्या भागात तो दिसतोच. शिवाय काळी शाई स्वतः न्यूट्रल असते हा गैरसमज आहे. कार्बनची काळी शाई पातळ छटेत तपकिरीकडे झुकते. डाय प्रकारातल्या स्वस्त काळ्या शाया हिरवट किंवा जांभळट उतरतात. बॉटलवर काळा लिहिलंय म्हणून करडा काळाच येईल असं नाही.

प्रिंटर आधीच घेतला असेल तर, आणि घ्यायचा असेल तर

तुमच्याकडे चार रंगांचा प्रिंटर असेल आणि त्यात काळी शाई पिगमेंट, बाकीच्या तीन डाय असतील (कॅननचा जी२०१० तसा आहे), तर ग्लॉसी कागदावर पिगमेंट काळी शाई वापरलीच जात नाही. ती ग्लॉसीवर नीट बसत नाही. मग केसांचा गडद काळा सुद्धा तीन रंगांच्या मिश्रणातून येतो आणि तो बऱ्याचदा तपकिरी मारतो. अशा मशीनवर झेरॉक्स, प्रोजेक्ट, आधार कार्ड झकास करा. पण भिंतीवर लावायच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोची ऑर्डर त्यावर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहा रंगांचा साधा टँक प्रिंटर असेल तर मेहनतीने चांगलं काम होतं. हा लेख मुख्यतः त्याच लोकांसाठी आहे.

नवीनच घेणार असाल आणि जुन्या फोटोंचं काम भरपूर येईल असं वाटत असेल, तर करड्या शाईची स्वतंत्र टाकी असलेलं मॉडेल बघा. एप्सनच्या एल८१८० मध्ये आणि कॅननच्या जी५७० मध्ये ती आहे. करडी शाई असली की तीन रंगांवरचा भार कमी होतो आणि झाक येण्याची जागाच कमी राहते. त्याच्या वरचा वर्ग म्हणजे एप्सनच्या शुअरकलर पी७०० सारखे पिगमेंट प्रिंटर. त्यात करड्याच्या दोन पातळ्या असतात आणि अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट नावाचा वेगळा मोड असतो, न्यूट्रल, वॉर्म, कूल असा टोन तिथेच निवडता येतो. सुंदर मशीन आहे. पण नवीन दुकानाने पहिल्या वर्षी त्यात पैसे अडकवावेत असं मला वाटत नाही. महिन्याला अशा दोन-चारच ऑर्डर असतील तर त्या बाहेरून, चांगल्या लॅबमधून काढून आणा.

थोडी जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे करड्या शाईचं महत्त्व कळेल. २००० साली एप्सनचा स्टायलस फोटो २०००पी आला. पिगमेंट शाई, फोटो टिकायचे जबरदस्त. पण त्याच्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट घरातल्या दिव्याखाली ठीक दिसायच्या आणि दिवसाच्या उजेडात हिरव्या. फोटोग्राफर वैतागले होते. २००५ मध्ये त्याच कंपनीने आर२४०० सारख्या प्रिंटरमध्ये काळ्याच्या तीन पातळ्या दिल्या, काळी, फिकट काळी आणि अति फिकट काळी, तेव्हा तो त्रास खूपच कमी झाला. रंगीत शाया जितक्या कमी, तितका करडा रंग स्थिर. मोठमोठ्या कंपन्यांनाही यावर घाम गाळावा लागला आहे, तेव्हा तुमची पहिली प्रिंट हिरवट आली म्हणून नाराज होऊ नका.

काहीही बदलायच्या आधी नोजल चेक

झाक दिसली की पोरं थेट फोटोशॉप उघडून कलर बॅलन्स फिरवायला लागतात. थांबा. आधी नोजल चेक काढा. फिकट मॅजेन्टाची चार-पाच नोजल बंद असतील तर रंगीत फोटो चालून जातो, ब्लॅक अँड व्हाइट मात्र हिरवा येतो. यलोच्या आणि फिकट शायांच्या रेघा चांगल्या उजेडात, जवळून बघा, त्या पटकन सुटतात. रेघ तुटलेली असेल तर हेड क्लीनिंग करा, पण लागोपाठ पाच-सहा वेळा नको. प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि वेस्ट पॅड भरत जातं. दोनदा केल्यावर फरक नसेल तर प्रिंटर काही तास तसाच ठेवा आणि मग पुन्हा चेक काढा.

बंद नोजल असताना रंगाची दुरुस्ती केली, तर नोजल सुटल्यावर तीच दुरुस्ती उलटी पडते. मग माणूस गोल गोल फिरत बसतो.

दुसरी गोष्ट शाईची. ओरिजिनल की कम्पॅटिबल हा वाद इथे घालत नाही, दोन्ही वापरणारे धंदा करताहेत. पण एका टाकीत एक कंपनी, दुसरीत दुसरी, हे करू नका. तिन्ही रंगांचा तोल हाच सगळा खेळ आहे, आणि ड्रायव्हरचं गणित ओरिजिनल शाई धरून मांडलेलं असतं. कम्पॅटिबल वापरायची तर सहाही बॉटल एकाच मेकच्या घ्या आणि तो मेक बदलू नका.

फाइल आणि सेटिंग

जुना फोटो स्कॅन करताना रंगीतच स्कॅन करा. पिवळे डाग, शाईचे ठिपके वेगळ्या रंगाचे असतात, त्यामुळे ते साफ करायला सोपं जातं. साफसफाई झाल्यावर फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट अॅडजस्टमेंटने रंग काढा. मोड मात्र आरजीबीच राहू द्या, एसआरजीबी प्रोफाइल चालेल. ग्रेस्केल मोडमध्ये गेलात की डॉट गेनचं वेगळं गणित मधे येतं आणि प्रिंट अपेक्षेपेक्षा गडद किंवा फिकी येऊ शकते.

आता इन्फो पॅनल उघडा आणि माउस फोटोभर फिरवा. आर, जी, बी हे तिन्ही आकडे सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. १२८, १२८, १२८ असं. सारखे असतील तर फाइल न्यूट्रल आहे, मग स्क्रीनवर ती निळसर दिसो की पिवळसर. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन निळसर असतेच. स्क्रीन बघून दुरुस्ती करू नका, आकड्यांवर विश्वास ठेवा.

प्रिंट देताना सर्वात जास्त गोंधळ होतो तो रंग कोण सांभाळणार यावरून. फोटोशॉप सांभाळणार की प्रिंटरचा ड्रायव्हर? एकानेच सांभाळायचं. कागदाचं आयसीसी प्रोफाइल असेल तर फोटोशॉप मॅनेजेस कलर्स निवडा, ते प्रोफाइल द्या, रिलेटिव्ह कलरीमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन ठेवा, आणि ड्रायव्हरमध्ये जाऊन नो कलर अॅडजस्टमेंट करा. प्रोफाइल नसेल तर प्रिंटर मॅनेजेस कलर्स ठेवा. दोघांनी एकाच वेळी रंग सुधारले तर भाजीत मीठ दोघांनी टाकल्यासारखं होतं.

कागदाचा प्रकार नीट निवडा. ग्लॉसी कागद घालून शाई वाचवायला प्लेन पेपर निवडणारे लोक मी पाहिलेत. कोणती शाई किती टाकायची हे ड्रायव्हर त्या एका निवडीवरून ठरवतो. तिथेच खोटं सांगितलं तर पुढे सगळंच चुकणार.

ग्रेस्केलची टिक करायची की नाही? एकदा टिक करून आणि एकदा न करता, छोट्या कागदावर दोन्ही काढून बघा. काही मशीन-कागदाच्या जोडीत ग्रेस्केलच चांगलं येतं आणि काम तिथेच संपतं. पण टिक केली की रंगाचे स्लायडर बहुतेक वेळा बंद होतात, त्यामुळे झाक आली तर ती ड्रायव्हरमधून काढता येत नाही. माझी पसंती कलर मोडमध्ये ठेवून दुरुस्ती फाइलवर करण्याला आहे.

करड्या पट्टीची टेस्ट

मोजायचं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, महाग असतं. ज्यांच्याकडे ते आहे असे लोक तुमची टेस्ट शीट मागवून त्यावरून प्रोफाइल बनवून देतात. एकच कागद, एकच शाई पक्की केली असेल तर हा खर्च वसूल होतो. पण सुरुवातीला डोळ्यानेही बरंच होतं.

फोटोशॉपमध्ये ११ चौकोनांची एक पट्टी बनवा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तिन्ही आकडे सारखे ठेवून: ०, २६, ५१, ७७, १०२, १२८, १५३, १७९, २०४, २३०, २५५. ही पट्टी, तुम्ही रोज वापरता त्याच ग्लॉसी कागदाच्या ४ बाय ६ च्या तुकड्यावर छापा. लगेच निर्णय घेऊ नका. डायची शाई सुकताना रंग थोडा सरकतो. घाई असेल तर निदान तासभर, नाहीतर रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी फोटोग्राफीच्या १८ टक्के ग्रे कार्डाशेजारी ठेवा. एकटी पट्टी बघितली तर डोळा पाच मिनिटांत तिला सवयीने न्यूट्रल मानायला लागतो, शेजारी कार्ड असलं की खोटं चालत नाही. आता बघा, झाक कुठे आहे. सगळीकडे सारखी आहे, की नुसती मधल्या छटांत? बऱ्याचदा मधल्या छटा हिरवट आणि गडद छटा लालसर असा मिश्र प्रकार निघतो. म्हणूनच ड्रायव्हरच्या एका स्लायडरने पूर्ण काम होत नाही.

फोटोशॉपमध्ये कलर बॅलन्सचा अॅडजस्टमेंट लेयर घ्या. त्यात शॅडोज, मिडटोन्स, हायलाइट्स वेगवेगळे मिळतात. मिडटोन्स हिरवट असतील तर मॅजेन्टाकडे ३ किंवा ४ सरकवा, जास्त नाही. लालसर असतील तर सायनकडे, निळसर असतील तर यलोकडे. आता अंदाजाने एकेक प्रिंट काढत बसण्यापेक्षा एक युक्ती करा. एकाच ए४ वर पट्टीच्या नऊ प्रती लावा: मधली जशीच्या तशी, बाकीच्यांना मॅजेन्टा ३, मॅजेन्टा ६, यलो ३, मॅजेन्टा ३ अधिक यलो ३, अशा वेगवेगळ्या दुरुस्त्या. प्रत्येकीखाली आकडे लिहा. एका कागदात नऊ उत्तरं. कार्डाशी जी सर्वात जुळते ती निवडा, तिच्याभोवती अजून एक फेरी बारीक आकड्यांची काढा. सहसा दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. मग तो लेयर कागदाच्या आणि शाईच्या नावाने सेव्ह करा आणि पुढच्या प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट फाइलवर छापायच्या आधी टाका.

यात एक मर्यादा आहे. फाइलमधल्या पूर्ण पांढऱ्या भागावर शाई पडतच नाही, तिथे दिसतो तो कागद. स्वस्त ग्लॉसी कागदात पांढरेपणासाठी ब्राइटनर घातलेलं असतं, उन्हाच्या उजेडात ते निळसर चमकतं. ते दुरुस्तीने जात नाही. कागदच बदलावा लागतो.

कोणत्या उजेडात बघणार?

छपाईच्या जगात प्रिंट तपासायला ५००० केल्विनचा प्रमाणित उजेड वापरतात. तुमच्या दुकानात बहुतेक ६५०० ची पांढरी एलईडी ट्यूब असेल, आणि गिऱ्हाइकाच्या देवघराशेजारच्या भिंतीवर पिवळा दिवा. तीन रंगांच्या मिश्रणातून बनलेला करडा रंग उजेड बदलला की बदलतो. दुकानात न्यूट्रल, घरी गुलाबी, असं खरंच होतं. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं.

सोपा उपाय सांगतो. प्रिंट तीन ठिकाणी बघा: ट्यूबखाली, दुकानाच्या दारात सावलीत दिवसाच्या उजेडात, आणि एका पिवळ्या बल्बखाली. तो बल्ब काउंटरच्या एका कोपऱ्यात कायमचा लावून टाका. तिन्हीकडे फार न बदलणारी दुरुस्ती निवडा, जरी ती एकाही ठिकाणी शंभर टक्के न्यूट्रल नसली तरी. आणि डिलिव्हरी देताना गिऱ्हाइकालाही दारात नेऊन दाखवा.

इथे धंद्याची एक गोष्ट. न्यूट्रल म्हणजेच चांगलं असं गिऱ्हाइकाला वाटतंच असं नाही. जुना फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर किंचित तपकिरी झालेला असतो आणि घरच्यांच्या डोळ्यात तोच रंग बसलेला असतो. काउंटरवर एकाच फोटोच्या दोन प्रिंट ठेवा, एक न्यूट्रल आणि एक हलका उबदार. "काका, यातला कसा हवा?" एवढंच विचारा. उबदार निवडला तर तुमचंही काम सोपं होतं, कारण ठरवून दिलेल्या तपकिरी टोनमध्ये थोडीफार झाक लपते. मात्र तोही न्यूट्रल जमल्यावरच द्या. झाक आलेल्या प्रिंटला सेपिया म्हणून खपवणं वेगळं, आणि ते ओळखू येतं.

हिशोब

समजा १२ बाय १८ ची प्रिंट तुम्ही ३०० रुपयांना देताय, कागद आणि शाई धरून खर्च ८० येतो. एक प्रिंट फुकट गेली तर खर्च १६०. दोन गेल्या तर २४०, हातात राहिले ६० रुपये आणि तासाभराचं रिटचिंग. म्हणून मोठी प्रिंट कधीच पहिली काढायची नाही. चेहरा, केस आणि पांढरा सदरा येईल अशी दोन इंचाची आडवी पट्टी कापा, त्याच कागदाच्या तुकड्यावर, त्याच सेटिंगला छापा, आणि ती बरोबर असेल तरच मोठी सोडा. रिटचिंगचे पैसे प्रिंटपासून वेगळे सांगा, आणि ऑर्डर घेताना निदान दोन दिवस मागा. एक दिवस सुकायला लागतो. परवा तेरावा असेल तर आजच घ्या आणि उद्या संध्याकाळी द्या, "अर्ध्या तासात देतो" म्हणू नका.

टिकण्याबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगा. डायच्या प्रिंटमधले रंग एकाच वेगाने उडत नाहीत. तीनांतला एक आधी उडाला की आज न्यूट्रल असलेला फोटो काही काळाने हिरवा किंवा लालसर होतो, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते जास्त दिसतं. ऊन तर शत्रू आहेच, उघड्या हवेतला ओझोनही ग्लॉसी कागदावरची शाई खातो. त्यामुळे काचेशिवाय फ्रेम द्यायची नाही. प्रिंट पूर्ण सुकल्यावरच काच लावायची आणि काच फोटोला चिकटू नये म्हणून मधे माउंटची पट्टी ठेवायची. खिडकीसमोरची भिंत नको. ओला हार थेट फोटोवर टेकणार नाही अशी फ्रेम खोल घ्या. स्कॅनची फाइल जपून ठेवा आणि बिलावर तिचा नंबर टाका, पाच वर्षांनी तेच घर दुसरी प्रत मागायला येतं.

शेवटी एक वही करा. तारीख, कागदाचा मेक आणि बॅच, कोणत्या रंगाची बॉटल कधी भरली, कोणता लेयर वापरला. नवीन बॉटल भरली किंवा कागदाचं नवीन पाकीट फोडलं की ११ चौकोनांची पट्टी पुन्हा काढायची आणि जुन्या पट्टीशेजारी त्याच वहीत चिकटवायची.